अणुकेंद्रातील ऊर्जापातळ्या व कवच-प्रतिमान : ऑक्सिजनच्या समस्थानिकांचा दाखला

अणूतील इलेक्ट्रॉनांची मांडणी कवचांमध्ये झालेली असते व त्या कवचांच्या भरणीतूनच मूलद्रव्यांची आवर्तसारणी सिद्ध होते, ही गोष्ट भौतिकीच्या प्रत्येक विद्यार्थ्यास परिचित आहे. या रचनेचे मूळ अणूच्या मध्यभागी असलेल्या जड धनभारात आहे. प्रत्येक इलेक्ट्रॉन मुख्यतः त्या एका भाराच्या आकर्षणाखाली फिरतो. इलेक्ट्रॉनांचे परस्परांवरील प्रतिसारण हे त्या मानाने दुय्यम ठरते. अणुकेंद्राची स्थिती याहून सर्वस्वी निराळी आहे. तेथे मध्यभागी असा कोणी सत्ताधीश नाही. प्रोटॉन व न्यूट्रॉन हे केवळ परस्परांच्या आकर्षणाने एकत्र नांदतात, आणि तेही इतक्या दाटीने की दोन शेजारच्या कणांतील सरासरी अंतर सुमारे दोन फर्मी, म्हणजे त्यांना बांधणाऱ्या बलाच्या पल्ल्याच्याच कोटीतील असते. अशा गर्दीत प्रत्येक कणाला स्वतःची कक्षा आहे व त्या कक्षेला ठराविक ऊर्जा आहे असे म्हणणे प्रथमदर्शनी धाडसाचेच वाटते. तरीही कवच-प्रतिमान नेमके हेच म्हणते, आणि प्रयोग त्याला दुजोरा देतात. हे कसे घडते, आणि या प्रतिमानातून मिळणारा पातळ्यांचा क्रम कितपत अढळ मानावा, या दोन प्रश्नांचा येथे विचार करावयाचा आहे. त्यासाठी ऑक्सिजनचे समस्थानिक हे उदाहरण विशेष सोयीचे आहे. कारण प्रतिमानाचे यश आणि त्याची मर्यादा ही दोन्ही त्या एकाच मूलद्रव्यात पाहावयास मिळतात.

जादुई संख्यांचा पुरावा

प्रोटॉनांची किंवा न्यूट्रॉनांची संख्या २, ८, २०, २८, ५० किंवा ८२ असली, अथवा न्यूट्रॉनांची संख्या १२६ असली, म्हणजे ते अणुकेंद्र शेजारच्या केंद्रांपेक्षा अधिक दृढ असते. या संख्यांना ‘जादुई संख्या’ असे नाव पडले. त्यांच्या बाजूचा पुरावा अनेक दिशांनी येतो. कथिलाच्या केंद्रात ५० प्रोटॉन असतात, आणि कथिलाचे दहा स्थिर समस्थानिक आहेत. इतके दुसऱ्या कोणत्याही मूलद्रव्याचे नाहीत. ज्या केंद्रांत न्यूट्रॉनांची संख्या जादुई असते, ती बाहेरून आलेला न्यूट्रॉन सहसा स्वीकारीत नाहीत. त्यांचा न्यूट्रॉन-ग्रहणाचा काटछेद फार लहान असतो. ८२ प्रोटॉन व १२६ न्यूट्रॉन असलेल्या शिसे-२०८ या दुहेरी जादुई केंद्राची पहिली उत्तेजित अवस्था मूलावस्थेच्या वर २.६१ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टांवर (पुढे हे एकक ‘एमईव्ही’ असे लिहिले आहे) आढळते. त्यातून दोन न्यूट्रॉन कमी असलेल्या शिसे-२०६ मध्ये हेच अंतर ०.८० एमईव्हीवर येते.

ऑक्सिजनमध्ये हा फरक अधिकच ठसठशीत आहे. ऑक्सिजन-१६ या केंद्रात आठ प्रोटॉन व आठ न्यूट्रॉन असतात. त्यातून एक न्यूट्रॉन उपटून काढण्यास १५.६६ एमईव्ही ऊर्जा लागते. ऑक्सिजन-१७ मधील नववा न्यूट्रॉन मात्र केवळ ४.१४ एमईव्ही ऊर्जेने सुटा होतो. आठव्या व नवव्या न्यूट्रॉनांच्या बंधनात साडेअकरा एमईव्हीची ही जी तफावत आहे, ती एक कवच भरून दुसऱ्याचा आरंभ झाल्याची खूण होय. निष्क्रिय वायूंनंतर येणाऱ्या अल्क धातूंमध्ये बाहेरचा एकटा इलेक्ट्रॉन जसा सहज सुटतो, तसाच हा प्रकार आहे.

स्वतंत्र गती कशी संभवते?

असा पुरावा अंशतः १९३० नंतरच्या दशकातही उपलब्ध होता, व व्हाल्टर एल्झासर यांनी १९३३-३४ च्या सुमारास कवचांची कल्पना मांडलीही होती. परंतु १९३६ मध्ये नील्स बोर यांनी संयुक्त केंद्राचा सिद्धांत पुढे ठेवला. केंद्रात शिरलेला न्यूट्रॉन आपली ऊर्जा तात्काळ सर्व कणांत वाटून टाकतो, असे त्यात गृहीत होते, आणि न्यूट्रॉन-ग्रहणाचे प्रयोग त्याच्याशी जुळत होते. द्रवबिंदूसारख्या अशा केंद्रात एकेका कणाच्या कक्षेला अर्थ उरत नाही. त्यामुळे कवचांची कल्पना कित्येक वर्षे मागे पडली.

या विरोधाचा परिहार पाउली यांच्या विवर्जन तत्त्वात सापडतो. दोन कणांची टक्कर होऊन त्यांच्या गती बदलावयाच्या, तर टकरीनंतर त्यांना जावयास रिकाम्या अवस्था हव्यात. मूलावस्थेतील केंद्रात खालच्या सर्व अवस्था आधीच व्यापलेल्या असतात. वरच्या रिकाम्या अवस्थांपर्यंत जाण्याइतकी ऊर्जा त्या कणांजवळ नसते. म्हणून बल प्रबल असूनही बहुतेक टकरी घडूच शकत नाहीत, आणि प्रत्येक कण इतर सर्वांनी मिळून निर्माण केलेल्या सरासरी वर्चसात जणू एकटाच फिरतो. व्हिक्टर व्हाइसकॉफ यांनी हा युक्तिवाद विशद केला. बाहेरून आलेल्या कणाजवळ मात्र भरपूर ऊर्जा असते, त्याला रिकाम्या अवस्था मोकळ्या असतात. म्हणून त्याच्या बाबतीत बोर यांचे चित्रही खरे ठरते. दोन्ही प्रतिमाने परस्परविरोधी भासली तरी त्यांची क्षेत्रे भिन्न आहेत.

परिवलन-कक्षा युग्मन

सरासरी वर्चसाचे सर्वांत सोपे रूप म्हणजे त्रिमितीय हरात्मक आंदोलकाचे. त्याच्या पातळ्या समान अंतरावर असतात. जड केंद्रात हे अंतर कमी होत जाते. ऑक्सिजनसाठी ते सुमारे १६ एमईव्ही, तर शिशासाठी सुमारे ७ एमईव्ही येते. पातळीचा क्रमांक ०, १, २, ३ असा धरून तो ‘न’ या अक्षराने दर्शविला, तर त्या पातळीत (न + १)(न + २) इतके समान कण मावतात : २, ६, १२, २०, ३०, ४२. यांची क्रमाने बेरीज केली असता २, ८, २०, ४०, ७०, ११२ ही मालिका मिळते. पहिल्या तीन संख्या अनुभवाशी जुळतात. पुढील सर्व चुकतात. वर्चस्-कूपाचा तळ सपाट व कडा अधिक उभी घेतली, तर एकाच पातळीतील निरनिराळ्या कक्षीय कोनीय संवेगांच्या कक्षा अलग होतात, पण २८, ५०, ८२ व १२६ यांचा पत्ता लागत नाही.

ही अडचण १९४९ मध्ये अमेरिकेत मारिया गेपर्ट-मायर यांनी आणि जर्मनीत ओटो हाक्सेल, हान्स येन्सन व हान्स झ्यूस यांनी स्वतंत्रपणे दूर केली. परिवलन-कक्षा युग्मनाचा काही पुरावा दिसतो काय, या एन्रिको फर्मी यांच्या प्रश्नातून आपल्याला ही कल्पना सुचली, असे मायर यांनी आपल्या लेखात कृतज्ञतापूर्वक नमूद केले आहे. १९६३ चे नोबेल पारितोषिक अर्धे यूजीन विग्नर यांना व उरलेले अर्धे मायर आणि येन्सन यांना विभागून देण्यात आले.

कल्पना अशी. कणाचे परिवलन त्याच्या कक्षीय संवेगाला समांतर असेल तर त्याची ऊर्जा कमी होते, विरुद्ध असेल तर वाढते. समांतर मांडणीत पातळी जितकी खाली उतरते त्याचे प्रमाण कक्षीय पुंजांकाइतके असते, आणि विरुद्ध मांडणीत ती जितकी वर चढते त्याचे प्रमाण त्या पुंजांकात एक मिळवून येते. अणूतील इलेक्ट्रॉनांच्या बाबतीतही असे युग्मन असते. परंतु केंद्रातील युग्मनाचे चिन्ह त्याच्या उलट असते, आणि त्याचे मान विद्युत्-चुंबकीय कारणांनी येऊ शकेल त्यापेक्षा कितीतरी मोठे असते. पुंजांक वाढेल तशी दोन जोडपातळ्यांमधील फट रुंदावते. त्यामुळे प्रत्येक आंदोलक-पातळीतील सर्वांत मोठ्या कोनीय संवेगाची समांतर कक्षा आपल्या समूहातून निखळून खालच्या समूहाजवळ येते.

याचा परिणाम गणिताने चटकन पडताळता येतो. एफ-७/२ या कक्षेत आठ कण मावतात. ती २० च्या वर एकटी उभी राहते आणि २८ ही संख्या मिळते. जी-९/२ मध्ये दहा कण मावतात. ती खाली येऊन ४० मध्ये मिळाली म्हणजे ५० होतात. एच-११/२ चे बारा कण ७० मध्ये मिळाले की ८२, आणि आय-१३/२ चे चौदा कण ११२ मध्ये मिळाले की १२६. एका गृहीताने चार संख्या एकदम उलगडल्या. शिवाय, शेजारी आलेल्या कक्षांच्या कोनीय संवेगांत व समतेत मोठा फरक असल्यामुळे ५०, ८२ व १२६ या संख्यांच्या किंचित अलीकडे दीर्घायुषी उत्तेजित अवस्था का आढळतात, तेही यावरून स्पष्ट झाले. इंडियम-११५ या केंद्रात ४९ प्रोटॉन असतात. त्याची मूलावस्था जी-९/२ ची, आणि केवळ ०.३४ एमईव्ही वरची पहिली उत्तेजित अवस्था पी-१/२ ची आहे. या दोहोंतील संवेगांचा फरक इतका मोठा आहे की त्या उत्तेजित अवस्थेचे अर्धायुष्य सुमारे साडेचार तासांचे भरते.

ऑक्सिजन-१७ : प्रतिमानाची कसोटी

बंद कवचाबाहेर एकच कण असलेले केंद्र ही या प्रतिमानाची सर्वांत निर्मळ कसोटी होय. ऑक्सिजन-१७ मधील नववा न्यूट्रॉन डी-५/२ या कक्षेत असावा, त्याच्या वर एस-१/२ व त्याही वर डी-३/२ ही कक्षा असावी, असे प्रतिमान सांगते. प्रत्यक्षात मूलावस्थेचा कोनीय संवेग ५/२ असून समता धन आहे, ०.८७ एमईव्हीवर १/२ संवेगाची, आणि ५.०८ एमईव्हीवर ३/२ संवेगाची धन समतेची अवस्था आढळते. या शेवटच्या अवस्थेत डी-३/२ कक्षेचा अंश प्रमुख आहे. डी-५/२ मध्ये सहा व डी-३/२ मध्ये चार जागा असतात. त्या भारांनी सरासरी काढली तर डी कक्षेचा मूळ मध्य मूलावस्थेच्या सुमारे २ एमईव्ही वर येतो. म्हणजे युग्मनामुळे एक शाखा २ एमईव्ही खाली व दुसरी ३ एमईव्ही वर सरकली. वर सांगितलेल्या नियमाप्रमाणे हे प्रमाण दोनास तीन असेच यावयास हवे.

चुंबकीय परिबलाची साक्ष तर त्याहून बोलकी आहे. डी-५/२ कक्षेत न्यूट्रॉनाचे परिवलन कक्षीय संवेगाला समांतर असते, आणि न्यूट्रॉनावर विद्युत्भार नसल्यामुळे त्याच्या कक्षीय गतीपासून चुंबकत्व उद्भवत नाही. तेव्हा संपूर्ण केंद्राचे परिबल एकट्या न्यूट्रॉनाच्या परिबलाइतके, म्हणजे -१.९१ अणुकेंद्रीय मॅग्नेटॉन असावयास हवे. मोजलेले मूल्य -१.८९ आहे. सतरा कणांच्या या समुदायातील सोळा कण परस्परांचे परिणाम जवळजवळ पूर्णपणे नाहीसे करतात, आणि केंद्राचे चुंबकीय व्यक्तिमत्त्व सतराव्या कणाकडून येते.

तथापि येथेही चित्र सर्वस्वी साधे नाही. ३.०६ एमईव्हीवर १/२ संवेगाची ऋण समतेची एक अवस्था आहे. आठांच्या वरच्या डी व एस कक्षांत ऋण समता संभवत नाही. ही अवस्था खालच्या भरलेल्या कवचातील पी-१/२ मधून एक कण वर उचलला गेल्याने निर्माण होते. म्हणजे बंद कवच हे अभेद्य कवच नव्हे. ते उघडण्यास फक्त किंमत मोजावी लागते. तसेच, ऑक्सिजन-१७ चे प्रतिबिंब-केंद्र असलेल्या फ्लुओरीन-१७ मध्ये बाहेरचा एकटा कण प्रोटॉन असतो. तेथे १/२ संवेगाची अवस्था ०.८७ ऐवजी ०.५० एमईव्हीवर उतरते. एस कक्षेतील, सैल बांधलेला प्रोटॉन केंद्राबाहेर दूरवर पसरतो, म्हणून त्याला विद्युत् प्रतिसारण कमी भोगावे लागते. एवढ्या लहानशा कारणाने पातळ्यांमधील अंतर जवळजवळ निम्मे होते, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

उर्वरित परस्परक्रिया

कवचाबाहेर दोन किंवा अधिक कण असले म्हणजे सरासरी वर्चसाने भागत नाही. त्या कणांमधील जे बल सरासरीत सामावलेले नाही, ते स्वतंत्रपणे विचारात घ्यावे लागते. त्याचा सर्वांत ठळक परिणाम म्हणजे जोडीबंधन : एकाच कक्षेतील दोन समान कण आपले संवेग परस्परविरुद्ध ठेवून शून्य संवेगाची जोडी बनवितात. ज्या केंद्रांत प्रोटॉन व न्यूट्रॉन दोन्ही सम संख्येने असतात त्या सर्वांची मूलावस्था शून्य संवेगाची आढळते, ती याच कारणाने. ऑक्सिजन-१८ मध्ये ही जोडी मोडून दोन संवेगाची अवस्था गाठावयास १.९८ एमईव्ही लागतात.

या उर्वरित बलाचे मान एका केंद्रात मोजून दुसऱ्या केंद्रात वापरता येते, हे १९५६ मध्ये सुधीर पंड्या या भारतीय भौतिकीविदांनी आणि त्यांच्याप्रमाणेच स्वतंत्रपणे गोल्डस्टाइन व ताल्मी यांनी दाखविले. क्लोरीन-३८ मध्ये डी-३/२ कक्षेत एक प्रोटॉन व एफ-७/२ कक्षेत एक न्यूट्रॉन असतो. पोटॅशियम-४० मध्ये न्यूट्रॉन तसाच, पण डी-३/२ मध्ये तीन प्रोटॉन, म्हणजे भरलेल्या कक्षेतील एक रिकामी जागा असते. कण-कण यांच्या चार पातळ्यांवरून कण-रिक्ती यांच्या चार पातळ्या काढण्याचे सूत्र पंड्या यांच्या नावाने ओळखले जाते. क्लोरीन-३८ मध्ये संवेगांचा क्रम खालून वर २, ५, ३, ४ असा, तर पोटॅशियम-४० मध्ये ४, ३, २, ५ असा आहे. वरवर पाहता या दोन वर्णपटांत काहीही साम्य नाही. परंतु सूत्रात पहिल्याचे आकडे घातले असता दुसऱ्याचा क्रम व अंतरे मोजमापाच्या निकट येतात. वर्णपट बदलला, तरी त्यामागचे बल एकच होते.

पातळ्यांचा क्रम अढळ आहे काय?

१९४९ नंतरच्या पाव शतकात जादुई संख्या या जणू निसर्गनियमच आहेत असा समज रूढ झाला. वस्तुतः स्थिर किंवा स्थिरतेच्या जवळ असलेल्या केंद्रांतूनच त्या गोळा केलेल्या होत्या. न्यूट्रॉनांनी अतिशय समृद्ध अशी अल्पायुषी केंद्रे प्रयोगशाळेत निर्माण होऊ लागली, तेव्हा या समजाला प्रथम धक्का बसला. १९७५ मध्ये सर्न येथे सोडियमच्या समस्थानिकांची द्रव्यमाने मोजली असता, २० न्यूट्रॉनांच्या सोडियम-३१ चे बंधन अपेक्षेशी जुळले नाही. पुढे १९७९ मध्ये, २० च न्यूट्रॉन असलेल्या मॅग्नेशियम-३२ ची पहिली उत्तेजित अवस्था केवळ ०.८९ एमईव्हीवर असल्याचे आढळले. दोन प्रोटॉन अधिक असलेल्या सिलिकॉन-३४ मध्ये तशीच, दोन संवेगाची अवस्था ३.३३ एमईव्हीवर आहे. दोन प्रोटॉन काढताच २० ही संख्या आपली जादू गमावून बसते.

ऑक्सिजनच्या समस्थानिकांत हीच कथा शेवटास जाते, आणि तिचा नायक पुन्हा डी-३/२ हीच कक्षा होय. ऑक्सिजन-१७ मध्ये ती कक्षा मूलावस्थेच्या ५.०८ एमईव्ही वर, म्हणजे न्यूट्रॉन सुटण्याच्या ४.१४ एमईव्ही या उंबरठ्याच्याही पलीकडे असल्याचे वर आलेच आहे. न्यूट्रॉन वाढत जाऊन डी-५/२ मधील सहा व एस-१/२ मधील दोन जागा भरल्या म्हणजे १६ न्यूट्रॉनांचे ऑक्सिजन-२४ तयार होते. त्याची पहिली उत्तेजित अवस्था सुमारे ४.७ एमईव्हीवर आहे. म्हणजे येथे १६ ही नवी जादुई संख्या उदयास आली आहे. ऑक्सिजनचा हा शेवटचा बद्ध समस्थानिक. पुढील न्यूट्रॉन डी-३/२ मध्ये जावयास हवा, आणि ती कक्षा त्याला धरून ठेवू शकत नाही. आठ प्रोटॉन व वीस न्यूट्रॉनांचे ऑक्सिजन-२८ हे केंद्र जुन्या हिशेबाने दुहेरी जादुई, म्हणून विशेष दृढ असावयास हवे होते. २०२३ मध्ये जपानमधील रिकेन संस्थेतील प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ते केंद्र बद्ध नसून चार न्यूट्रॉन टाकून ऑक्सिजन-२४ मध्ये विघटित होते, आणि त्याचे २० न्यूट्रॉनांचे कवच बंद असल्याचे लक्षण दिसत नाही, असे त्यातून निष्पन्न झाले.

याच्या शेजारचे फ्लुओरीन मात्र ३१ पर्यंत बद्ध राहते. त्यात २२ न्यूट्रॉन असतात. एक प्रोटॉन वाढताच सहा अधिक न्यूट्रॉन सामावले जातात. याचे स्पष्टीकरण प्रोटॉन व न्यूट्रॉन यांच्यातील बलाच्या परिवलनावलंबी घटकांत, विशेषतः ताकाहारू ओत्सुका व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे आणलेल्या प्रदिश बलाच्या परिणामात शोधले जाते. डी-५/२ कक्षेतील प्रोटॉन डी-३/२ कक्षेतील न्यूट्रॉनाला आपल्याकडे ओढतो व त्याची पातळी खाली आणतो. सिलिकॉनमध्ये डी-५/२ मध्ये सहा प्रोटॉन असतात, मॅग्नेशियममध्ये चार, फ्लुओरीनमध्ये एक, आणि ऑक्सिजनमध्ये एकही नाही. प्रोटॉन कमी होत जातात तशी डी-३/२ ची पातळी वर सरकते, २० च्या ठिकाणची फट अरुंद होते आणि १६ च्या ठिकाणची रुंदावते. फट पुरेशी अरुंद झाली म्हणजे कण ती ओलांडून वरच्या कक्षांत जातात व केंद्र गोलाकार न राहता लांबट होते; मॅग्नेशियम-३२ मध्ये हेच घडते. तीन कणांमध्ये एकाच वेळी कार्य करणारी बलेही ऑक्सिजनची सीमा ठरविण्यात वाटेकरी असल्याचे गणनांवरून दिसते. कॅल्शियममध्ये उलट, नव्या फटी उघडतात : २०१३ मध्ये कॅल्शियम-५४ ची पहिली उत्तेजित अवस्था २.०४ एमईव्हीवर आढळली, आणि ३४ ही तेथील नवी जादुई संख्या ठरली.

यावरून कवच-प्रतिमान खोटे ठरले असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. खोटी ठरली ती पातळ्यांची एकच यादी सर्व केंद्रांना लागू करण्याची सवय. वर्चस् हे कणांनीच निर्माण केलेले असल्यामुळे कणांची संख्या व मांडणी बदलली की वर्चस् बदलते, आणि त्याबरोबर पातळ्याही सरकतात. अणूच्या बाबतीत मध्यवर्ती भार हा रचनेचा स्थिर आधार असतो. अणुकेंद्रात असा आधार नसल्यामुळे तेथील प्रत्येक नियम त्याच्या घटकांच्या संमतीवर चालतो. विद्यार्थ्याने कवचांचा तक्ता पाठ करताना ही मर्यादा मनाशी बाळगली पाहिजे. २, ८, २०, २८ हे आकडे उत्तर म्हणून उपयुक्त आहेत, पण ते ज्या समतोलातून निघतात तो समतोल प्रत्येक नव्या केंद्रासाठी पुन्हा मांडावा लागतो. ऑक्सिजन-१७ मध्ये जी कक्षा केवळ वर्णपटातील एक रेषा होती, तीच न्यूट्रॉन वाढत गेल्यावर त्या मूलद्रव्याच्या अस्तित्वाची सीमा ठरविते.